तळमजल्यावरचे वॉकर आणि आपलं आडनाव

बाबा, तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती, पण विचारायच्या आधीच ती होऊन गेली. म्हणजे आता हे वरातीमागून घोडंच. तरी लिहिते आहे, कारण तुमची नात म्हणाली, "विचार ना त्यांना," आणि इतक्या सहज म्हणाली की जणू तुम्ही वरच्या मजल्यावर राहता. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी जर्मनीत आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तुम्ही गेलात आणि ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. आता तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र जर्मनमध्ये देते, आणि एखादी गोष्ट पटली नाही की डावी भुवई अगदी तुमच्यासारखी वर करते. हे सांगितलं तर म्हणते, भिंतीवरच्या फोटोत तर आजोबांची भुवई सरळ आहे. फोटो काढायच्या आधी त्यांनी भुवईलाही इस्त्री केली होती, असं मी तिला ठोकून दिलं.

मी हे तळघरात बसून लिहिते आहे. इथल्या बिल्डिंगमध्ये खाली सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली असते, तिला वाशक्युशे म्हणतात. ज्याचा त्याचा वार ठरलेला, आमचा शुक्रवार. मशीन आपलं काम करतं आणि मी पालथ्या बादलीवर बसून राहते. वर घरात बसून वाट बघता येते, सगळे तसंच करतात, पण साबणाच्या आणि ओल्या सुताच्या वासात मला बरं वाटतं. तुम्ही हसाल. पोरगी शिकून इंजिनिअर झाली, झिंडेलफिंगेनसारख्या मोटारींच्या गावात सॉफ्टवेअर लिहायला लागली, आणि आठवड्यातून एकदा पुन्हा धुण्याच्या खोलीत येऊन बसली. फिरून फिरून भोपळे चौकात, असं तुम्ही म्हणाला असतात आणि वर आईला चहा टाकायला सांगितलं असतंत.

इथे घरांना नंबर नसतो, आडनाव असतं. बिल्डिंगला नंबर आहे, पण कुठल्या दारात कोण राहतं ते फक्त खालच्या बेलच्या पाटीवर लिहिलेल्या आडनावावरून कळायचं. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, सरळ परत नेतो. म्हणून मी इथे आल्यावर सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कागदाच्या पट्टीवर तुम्ही दिलेलं आडनाव रोमन अक्षरांत लिहून पेटीला चिकटवलं. गावाचं नाव, पुढे कर. ती पट्टी चिकटवताना मला तुमचा शाळेच्या सभागृहातला चेहरा आठवला होता, हे तुम्हाला कधी कळवलं नाही.

तो दिवस मला नीट आठवतो. नववीत दिलेली स्पर्धा परीक्षा, तालुक्यात पहिली, बक्षीस समारंभ. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलेले, पांढरा शर्ट, त्याची बाहीवरची घडी अशी की बोट लावलं तर कापेल. माझं नाव पुकारलं जातं, पूर्ण नाव, शेवटी आपलं तेव्हाचं आडनाव, परीट. मी स्टेजवर जाते. पाहुणे माझ्या हातात कप देतात, माइककडे वळतात आणि कौतुकानंच म्हणतात, "वा! परटाच्या घरात एवढी हुशारी! आता आमचे कपडे कोण धुणार?" सगळं सभागृह हसतं. तुम्हीही हसता. टाळ्याही वाजवता. मला, खरं सांगायचं तर, त्या वेळी काहीच लागलं नाही. कप चांगला मोठा होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच पाहुण्यांच्या घरी धोतरं आणि सदरे पोचवून आलात, नेहमीसारखे मागच्या दारानं. आणि दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत आमचं सगळ्यांचं आडनाव बदललेलं होतं. आपले कोणी पूर्वज म्हणे त्या गावाहून आले होते. ते गाव तुम्हीही पाहिलेलं नव्हतं.

आता वाटतं की ते आडनाव तुम्ही स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. गावात तुम्ही शेवटपर्यंत परीटच राहिलात. लोक "परीटमामा" म्हणून हाक मारायचे आणि तुम्ही ओ द्यायचात. परीटघडी सगळ्यांना हवी असते, परीट आपल्या जागी असला म्हणजे झालं. नवं आडनाव एस.टी. स्टँडच्या पुढे चालू व्हायचं, आणि स्टँडच्या पुढे आपल्या घरातून फक्त मी जाणार होते. तुम्ही मला मिळवून दिलेल्या वस्तूंमध्ये ही एकच अशी, की जी तुम्हाला स्वतःला एक दिवसही वापरता आली नाही.

आणि मग ते पत्र. मी पुण्याला होस्टेलवर गेले, पहिल्याच आठवड्यात रडवेलं अंतर्देशीय लिहिलं, तुमचं नवं नाव अगदी वळणदार अक्षरात घालून. ते परत आलं. वर शेरा, "असा इसम गावात नाही." मैत्रिणी हसून हसून लोळल्या. मी शहाणपणानं पुढचं पत्र जुन्या नावानं पाठवलं, ते लगेच पोचलं. दिवाळीला घरी आले तर वाटलं, ही गंमत सांगून तुम्हाला हसवू. तुम्ही कपड्यांच्या भट्टीशी उभे होतात. सगळं ऐकून घेतलंत, हातातला कपडा पिळून टाकलात आणि म्हणालात, "पत्र नाही पोचलं तरी चाललं असतं, पोरी. ते नाव घडी घालून ठिवलंय. आता मोडायचं नाही." आवाज चढला नव्हता. तुम्ही रागावलात की आवाज उलट खाली जायचा. मी ती घडी मोडली नाही. तुमच्या नंतरही नाही.

इथे मात्र आधी एक गंमत झाली. माझा नवरा तमिळ. त्याच्या घरात आडनावच नाही. दोन पिढ्यांपूर्वी त्यांच्याकडच्या माणसांनी जात सांगणारं नाव सरळ टाकूनच दिलं. वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे लावायचं की झालं. मुलगी जन्मली तेव्हा इथल्या नोंदणीच्या कचेरीतली बाई म्हणाली की मुलाला आडनाव हवंच. नवऱ्याच्या पासपोर्टात ती जागा रिकामी. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं आहे ना? मग तेच लावू." अशा रीतीनं तुम्ही ज्याच्यासाठी वकिलाकडे खेटे घातलेत, ते आडनाव तुमच्या नातीला लागलं. मी घरी येताना बसमध्ये हसत होते आणि नवरा विचारत होता की काय झालं. तुम्हाला हे सांगावंसं वाटत होतं, एवढंच झालं होतं.

आता खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची गोष्ट. त्यांच्या बेलवर लिहिलेलं आहे, वॉकर. माणूस इंग्लंडचा, तरुणपणी इथल्या कारखान्यात कामाला आला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, आता एकटा आहे. बिल्डिंगमधले जर्मन त्यांना "हेर वाल्कर" म्हणतात, म्हणजे वाल्करसाहेब. पहिली काही वर्षं ते उच्चार सुधारायचे म्हणे, मग सोडून दिलं. त्यांचा धुण्याचा वार शनिवार. गेल्या महिन्यात मी शुक्रवारी वाळत घातलेली एक चादर दोरीवरच विसरले. कुठली, ते तुम्ही ओळखलं असेल. पांढरी, जाड, तुम्ही मला निघताना दिलेली.

ती चादर देतानाचा दिवस लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या घरात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर एक खूण असायची. बिब्ब्याचा रस आणि चुना, त्यात काडी बुडवून कोपऱ्यावर काढलेली. कुणाचे दोन ठिपके, कुणाची फुली, डॉक्टरांचा अर्धा चांद. शंभर घरांचे कपडे एका भट्टीत गेले तरी एक रुमाल इकडचा तिकडे व्हायचा नाही. आपल्या स्वतःच्या कपड्यांवर मात्र काहीच नसायचं. खूण नसलेला कपडा म्हणजे आपला, इतका साधा हिशोब. मी जर्मनीला निघाले तेव्हा तुम्ही कुणाकडून तरी ऐकलंत की तिकडे मशीन सगळ्यांचं मिळून एक असतं. मग रात्री जेवणं झाल्यावर माझी बॅग उपसलीत. मी ओरडले, "बाबा, कुर्त्यांना नको!" तुम्ही काडी हातात धरून बराच वेळ नुसते बसलात. आपल्या घराला खूणच नव्हती, ती तुम्हाला नव्यानं ठरवायची होती. शेवटी काढलीत. एक आडवी रेघ, तिच्याखाली तीन ठिपके. कुर्ते केव्हाच फाटले. चादर टिकली, आणि तिच्यावरची खूणही, आणि तुमच्या बोटांवरचे बिब्ब्याचे चट्टे तर मला अजून दिसतात.

तर वॉकर आजोबांना शनिवारी ती चादर दोरीवर सापडली. कोपऱ्यावरचा काळा डाग बघून त्यांना वाटलं, आपण आपले कपडे वाळत घालताना हा लावला की काय. इथे डागांसाठी बैलाच्या पित्ताचा एक साबण मिळतो, त्यावर इथल्या लोकांची फार श्रद्धा. म्हाताऱ्यानं तो चोळला, भिजवून ठेवलं, पुन्हा चोळला. सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात ते, हातावर घडी घातलेली चादर, चेहरा अपराधी. म्हणाले, "माफ करा. मी सगळं करून पाहिलं, पण हा जात नाही. उलट जास्तच ठसठशीत झाला." मला इतकं हसू आलं की मी दाराला टेकले. म्हटलं, "तो जायचा नाही. माझ्या वडिलांनी लावलाय तो." त्यांना आत बोलावलं, चहा केला आणि खुणांचं सगळं सांगितलं. फक्त काम सांगितलं, आडनावाचं काही बोलले नाही. "माझ्या वडिलांची लाँड्री होती," एवढंच.

ऐकता ऐकता त्यांचे डोळे लुकलुकायला लागले. म्हणाले, "मग आपण नातेवाईकच. वॉकर म्हणजे काय माहीत आहे?" मी म्हटलं, चालणारा. ते म्हणाले, "सगळ्यांना तेच वाटतं. माझ्या वडिलांनाही वाटायचं. म्हणायचे, आपले पूर्वज भटके असतील. मला खरा अर्थ इथे येऊन कळला, सासूबाईंकडून. पहिल्या भेटीत माझं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, म्हणजे तुमचे लोक लोकर तुडवणारे." जर्मनमध्ये तो शब्द अजून आहे, बाबा. तुडवून घट्ट केलेल्या लोकरीला इथे वाल्क म्हणतात. बालवाडीत होती तेव्हा तुमच्या नातीला मी त्याच लोकरीचं जाकीट घेतलं होतं, कितीदा धुतलं असेल, आणि हा शब्द खालच्या बेलवर लिहिलेला आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. जुन्या काळी इंग्लंडात विणून आलेलं लोकरी कापड मोठ्या हौदात घालायचे आणि माणसं अनवाणी पायांनी तासन्‌तास त्यावर चालायची. तेल निघायचं, कापड आटून दाट व्हायचं. हौदात पाणी असायचं, चिकणमाती असायची आणि, वॉकर आजोबांनी इथे आवाज खाली आणला, शिळं मूत असायचं, कारण तेव्हा सोडा नव्हता. त्यांच्या देशात उत्तरेला या कामाचं आडनाव वॉकर, दक्षिणेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. काम एक, नावं तीन. आपल्यात नाही का, देशावर परीट, कुठे धोबी, खाली कोकणात मडवळ. "आणि वास इतका," ते म्हणाले, "की गावकरी त्यांना नदीच्या खालच्या अंगाला बसवायचे." आपला घाट कुठे होता बाबा? खालच्या अंगालाच ना.

हे सगळं ते हसत सांगत होते. अगदी मजेत. मला त्यांचा हेवा वाटला आणि थोडा रागही आला, म्हणून मी विचारलं, "तुम्हाला सांगताना काही वाटत नाही?" म्हणाले, "काय वाटायचंय? कुणाला ठाऊकच नाही." तिथेच तर सगळं आहे. त्यांच्या नावाचा अर्थ लोक विसरले, इतके विसरले की तो आता चहाबरोबर सांगायची गोष्ट झाला. आपल्या नावाचा अर्थ तिसरीतल्या पोरालाही कळतो. मी म्हटलं, "आणि ठाऊक असतं तर? नाव ऐकल्याबरोबर तुमचं घर नदीच्या कुठल्या अंगाला, हे समोरच्याला कळलं असतं तर?" चादर अजून त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी तिचे कोपरे जुळवले, पुन्हा उलगडले. मग म्हणाले, "ठाऊक नाही. मग मीही कदाचित दुसरं लावलं असतं." खोटं बोलले नाहीत याचं मला फार बरं वाटलं. जाताना दारात म्हणाले, तुमच्या मुलीला सांगा, शाळेत कामाला येईल.

शाळेत कामाला आलंच. तिच्या वर्गात आडनावांवर रेफेराट द्यायचं होतं, म्हणजे वर्गापुढे उभं राहून बोलायचं. तिनं तीन नावं घेतली, तिच्या बाईंचं श्नायडर, खालचे वॉकर आणि आपलं. श्नायडर म्हणजे शिंपी, ते कुणीही सांगेल. वॉकर आजोबांची तिनं जिन्यात बसून मुलाखत घेतली. मग मंगळवारी माझ्याकडे आली. मी स्वयंपाकघरात इस्त्री करत होते. म्हटलं, आपलं सोपं आहे, गावाच्या नावावरून. तिनं नकाशावर गाव शोधलं, मग विचारलं की आजोबा तिथले का. नाही. पणजोबा? नाही. आपलं कुणी आहे तिथे? नाही. भुवई वर गेली. म्हणाली, "मग ते आपलं कसं? त्याच्या आधी काय होतं?" आणि बोट कुठे, तर टेबलावरच्या चादरीच्या कोपऱ्यावर.

मला वेळ मारून नेता आली असती. पूर्वी मारून नेलीही आहे, तिच्यापुढे नव्हे, मंडळातल्या ताईंपुढे. इथे आमचं मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. तिथल्या या ताई, माणूस लाखाचं. मला बाळंतपणात डबे पुरवलेत त्यांनी. पण पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "कर म्हणजे कोकणातले का तुम्ही? मूळ आडनाव काय?" मी म्हटलं, "हेच." पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. नेहमी हसून, पुरणाचा हात धुता धुता. मी दर वेळी "हेच" म्हटलं. आणि यांचीच मुलगी तुमच्या नातीच्या वर्गात आहे. वर्गात बोललेलं त्याच संध्याकाळी ताईंच्या घरी पोचणार, हे मला कळत होतं. इस्त्री हातात गरम होत होती. खोटं सांगावं तर ही पोरगी उद्या फळ्यासमोर उभी राहून माझं खोटं वाचणार. खरं सांगावं तर तुमची घडी मोडते. तुम्ही दिलेलं तेवढं एकच, आणि तेही मी इथे येऊन घालवायचं.

मी सांगितलं. सभागृह, पाहुणे, वकील, परत आलेलं पत्र, भट्टीजवळचं तुमचं बोलणं, सगळं. आपलं जुनं आडनावही. मला वाटलं होतं ती म्हणेल, त्यात काय. तसं म्हणाली असती तर मला राग आला असता. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "ममा, डार्फ इश दास?" म्हणजे, मला हे सांगायची परवानगी आहे का? इथल्या शाळेत त्यांना शिकवतात की दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय दाखवायची नाही. म्हणाली की हे तर आजोबांचं खाजगी आहे, तुझंही नाही. आणि मग मराठीत, कधी नाही ती, म्हणाली, "विचार ना त्यांना."

मी म्हटलं, विचारते. आणि दोन दिवस लिहायला बसलेच नाही.

गुरुवारी तिचं बोलणं झालं. तुमची नात शब्दाला पक्की निघाली. तिनं वर्गाला सांगितलं की आमच्या बेलवरचं नाव एका गावाचं आहे, त्याआधी दुसरं होतं, पण ते माझ्या आजोबांनी झाकून ठेवलंय आणि ते आता नाहीत, म्हणून मी सांगणार नाही. त्याऐवजी आजोबांनी चादरीवर काढलेली आमची खूण दाखवते. आणि तिनं फळ्यावर काढली, एक रेघ, खाली तीन ठिपके. पोरं खूश. प्रत्येकानं उठून आपापल्या घराची खूण फळ्यावर काढली म्हणे. घरी आली ती उड्या मारत. गुपित राखलं आणि रेफेराटही झालं. मी तिला जवळ घेतलं, पण लक्ष माझं फोनकडे होतं. तिला बिचारीला कुठून कळणार? आडनाव झाकलं, पण खूण दाखवली! जर्मन पोरांना ती नुसती रेघ आणि ठिपके. ज्या घरात आजीच्या नऊवारी परटाकडे जायच्या, त्या घरात ती पाटीपेक्षा स्पष्ट.

संध्याकाळी फोन आलाच. "अगं, आमची ही सांगत होती, तुझ्या मुलीनं फळ्यावर कसलीशी खूण काढली. मी म्हटलं काढून दाखव. अगं, बिब्ब्याची गं ती! आमच्या आजीच्या सगळ्या लुगड्यांवर अशीच एक असायची, काठाच्या मागे. किती वर्षांनी बघितली बाई!" खरंच आनंद झाला होता त्यांना. मग थांबल्या. तिकडे कुकरची शिट्टी झाली. "पण ती तर परीट घालतात ना?"

"हो ताई," मी म्हटलं. "आम्ही परीट. ते आमचं मूळ आडनाव."

दहावीच्या फॉर्मनंतर घराबाहेर हे पहिल्यांदा सांगितलं. आवाज माझा खाली गेला होता, तुमच्यासारखा. ताई म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंस. त्यात काय एवढं? आजकाल कोण बघतं!" दर वर्षी विचारणारी बाई हे म्हणत होती, पण मी काही बोलले नाही, कारण त्या धडपडत होत्या, चांगलं वागायचं होतं त्यांना आणि नेमकं कसं ते सुचत नव्हतं. म्हणून असेल, पुढे बोलून गेल्या, "मग तुला विचारूनच टाकते. माझ्या पैठणीवर ना, आरतीच्या वेळी निरांजनातलं तूप सांडलंय. काय करू गं?"

बाबा, मला ते सभागृह दिसलं. कप दिसला. त्या वेळी जे लागलं नव्हतं ते सगळं आता लागलं. मी म्हटलं, "स्टेशनजवळ राइनिगुंग आहे ना ताई, ड्रायक्लीनवाला. त्याच्याकडे द्या. मला नाही यातलं काही येत." त्या गडबडल्या. "अगं, तसं नव्हतं मला म्हणायचं." "कळलं मला," मी म्हटलं, आणि खरंच कळलं होतं. दोघी मुलींच्या परीक्षांबद्दल थोडं बोललो आणि फोन ठेवला.

मशीन थांबलं आहे. कपडे काढून दोरीवर घालायचे आहेत. चादर आज विसरणार नाही. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, ते तर तुम्हालाही ठाऊक. पाठवायचं म्हटलं तरी पाकिटावर कुठलं आडनाव घालू? नवं घातलं तर असा इसम गावात नाही म्हणून परत येईल. जुनं घातलं तर पोचेल आणि तुम्ही रागवाल. परवानगी मागायला बसले होते, पण घडी मोडून झाली आहे. मोडल्यावर हलकं वाटलं. त्याची क्षमा मागत नाही.

एकच कबूल करायचं आहे. पैठणीवरचं तूप. ताईंचं वाक्य संपायच्या आत मला उत्तर आलं होतं. पाण्याचा थेंब लावायचा नाही. मुलतानी मातीची कोरडी पूड टाकून रात्रभर ठेवायची, सकाळी मऊ कुंचल्यानं झटकायची, आणि उरलंच तर वर-खाली कागद घालून कोमट इस्त्री. तुमचा तो पुडीचा डबा, त्याचं न बसणारं झाकण, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी म्हटलं, मला येत नाही. तुम्ही नाव झाकलंत आणि हातातलं काम सगळ्या गावासमोर केलंत. मी नाव सांगून टाकलं आणि काम झाकलं. येतं मला, बाबा. अजून सगळं येतं.